डबल डोअर फ्रीज पहिल्यांदाच घरी आणताय? आधी हे वाचा

डोंबिवलीत भाड्याच्या घरात राहायला आल्यावर पगारातून पैसे बाजूला टाकत टाकत मी स्वतःचा पहिला फ्रीज घेतला. वर फ्रीझर, खाली फ्रीज, दोन दारं. आठ महिने बरा चालला. मग एके दिवशी वरचे मटार दगडासारखे आणि खालचं दूध फाटलेलं, असं सुरू झालं. पहिला मेकॅनिक आला, कडेच्या पत्र्याला हात लावला आणि म्हणाला, "गॅस गेलाय मॅडम, २८०० होतील." मी विचार करून सांगते म्हटलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्यांच्या ओळखीचे एक वयस्कर मेकॅनिक पाठवले. त्यांनी फ्रीझरमधलं सामान काढलं, मागचं प्लॅस्टिकचं पॅनल स्क्रू काढून बाजूला केलं आणि मला बोलावलं. आत धातूची जाळी दिसायला हवी होती. तिथे बर्फाची पांढरीशुभ्र भिंत होती.

"ताई, गॅस आहे तिथेच आहे. वारा अडलाय."

कारण निघालं इडलीच्या पिठाचं पातेलं. ते अर्धा इंच बाहेर यायचं, दार लागल्यासारखं वाटायचं पण लागायचं नाही, आणि बाहेरची दमट हवा रात्रंदिवस आत जायची. फ्रीज २४ तास बंद ठेवून दारं उघडी टाकली, बर्फ वितळला, फ्रीज पूर्ववत. त्यांनी ३०० रुपये घेतले. तेव्हापासून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी यंत्र समजून घ्या

गावाकडच्या आमच्या सिंगल डोअर फ्रीजमध्ये फ्रीझरच्या भिंतीच थंड व्हायच्या. त्यावर बर्फ साचला की आई रात्री बर्फ वितळवायचं मधलं बटण दाबायची आणि सकाळी खाली फडकी अंथरायची. डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीजचं काम वेगळं आहे. यात थंडी एकाच ठिकाणी तयार होते, फ्रीझरच्या मागच्या पॅनलआडच्या कॉइलवर, म्हणजे त्या धातूच्या जाळीवर. तिथला छोटा पंखा ती थंड हवा फ्रीझरमध्ये फिरवतो आणि तिचा काही भाग एका बोळातून खाली सोडतो. खालच्या कप्प्याला स्वतःची थंडी नसते, वरून वारा आला तरच तो गार होतो.

कॉइलवर बर्फ धरतोच. तो वितळवायला एक हीटर ठरावीक वेळाने थोडा वेळ चालू होतो. ते पाणी नळीतून मागे, कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतं आणि कंप्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. म्हणून तुम्हाला बर्फ काढावा लागत नाही. पुढचे जवळजवळ सगळे नियम या वाऱ्यातून आणि या पाण्यातूनच निघतात.

२. घेताना

यावर फार लिहीत नाही, दुकानात सांगणारे पुष्कळ भेटतात. तीन गोष्टी मात्र बघा. घराचं दार, लिफ्ट आणि स्वयंपाकघराचं दार मोजून जा. आमच्या मजल्यावर एकांचा फ्रीज दोन तास जिन्यात अडकून होता. दुसरं, वीजबचतीच्या लेबलवरचे स्टार मोजत बसू नका, त्याच लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते छापलेलं असतं, ते वाचा. २०० युनिट असेल तर महिन्याला साधारण १७ युनिट. लेबल कोणत्या काळापर्यंतचं आहे तेही बघा, कारण निकष कडक होत जातात आणि जुन्या लेबलचे पाच स्टार नव्या पाच स्टारइतके नसतात. तिसरं, दार कोणत्या बाजूला उघडतं आणि तुमचा ओटा कुठे आहे.

एवढे कागद एका पाकिटात ठेवा:
– सिरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल
– दुकानाचा शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड
– फ्रीजच्या आत किंवा मागे चिकटवलेल्या स्टिकरचा फोटो (मॉडेल, सिरियल नंबर आणि गॅसचा प्रकार त्यावर असतो)
– माहितीपुस्तिका

वॉरंटीतली मेख: 'कंप्रेसरवर १० वर्षं' याचा अर्थ बहुतेक वेळा फक्त कंप्रेसरचा भाग फुकट. गॅस, मजुरी, येण्याजाण्याचे पैसे वेगळे. अटी तिथेच वाचून घ्या. तक्रार कोणी ऐकलीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

३. जागा, स्टँड, प्लग

गॅसच्या शेगडीपासून लांब, थेट ऊन येणार नाही अशी जागा. मागे आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा. किती ते पुस्तिकेत असतं, मी चार बोटांपेक्षा कमी ठेवत नाही. आता बहुतेक फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या कडेच्या पत्र्याआड असतात. कपाटांच्या मध्ये घट्ट बसवलेला फ्रीज त्यामुळे आतल्या आत तापत राहतो आणि बिल वाढतं.

स्टँड घेतलात तर चाकांचा डुगडुगणारा नको. फ्रीजचा पुढचा भाग मागच्यापेक्षा किंचित उंच हवा, म्हणजे दार अर्ध्यावर सोडलं तरी आपोआप लागतं. पुढचे पाय फिरवून ते जमतं.

प्लग थेट भिंतीतल्या पॉइंटमध्ये. एक्स्टेंशन नको, मिक्सरबरोबर मल्टिप्लग तर नकोच. भाड्याच्या घरात अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. फ्रीजच्या हँडलला हलकासा झटका लागणं 'असं होतंच' म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. स्टॅबिलायझर लागत नाही असं नव्या फ्रीजवर लिहिलेलं असतं, पण शेजारी व्होल्टेजची मर्यादाही छापलेली असते. गावाकडे संध्याकाळी दिवे मंद होतात तिथे ती मर्यादा वाचूनच ठरवा.

४. पहिला दिवस

टेम्पोतून आडवा आणला असेल तर उभा करून काही तास तसाच राहू द्या. कंप्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत खाली यायला हवं. तोवर आतून कोमट पाण्याने पुसून घ्या, चिकटपट्ट्या काढा. मग रिकामा चालू करा आणि पुरेसा गार झाल्यावर थोडं थोडं सामान ठेवा. मी पहिल्याच संध्याकाळी आठवड्याची भाजी कोंबली होती आणि रात्री 'थंडच होत नाही' म्हणून दुकानदाराला फोन केला होता.

पहिल्या दिवशी कडेचा पत्रा चांगला गरम लागतो. घाबरू नका, ती आतली उष्णता बाहेर पडते आहे.

५. दोन नॉबचा घोळ

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. साध्या डबल डोअरमध्ये एक नॉब फ्रीझरमध्ये आणि एक खाली असतो. आपल्याला वाटतं वरचा वरचं थंड करतो, खालचा खालचं. बऱ्याच मॉडेलमध्ये फ्रीझरमधला नॉब म्हणजे नुसती वाऱ्याची झडप असते. तो सर्वांत थंडवर केला की झडप मिटत जाते, सगळा वारा वर राहतो आणि खालचा कप्पा उपाशी. उन्हाळ्यात 'खाली गार होत नाही' म्हणून लोक दोन्ही नॉब शेवटपर्यंत फिरवतात आणि हाल आणखी वाढवतात. तुमच्या फ्रीजचं काय आहे ते पुस्तिकेत बघा. दोन्ही नॉब मध्यावर ठेवून सुरुवात करा.

मग मोजा. एक साधा थर्मामीटर ग्लासभर पाण्यात बुडवून रात्रभर मधल्या फळीवर ठेवा. सकाळी ४ अंशांच्या आसपास हवा. फ्रीझरसाठी उणे १८. नॉबवरचे १, २, ३ हे आकडे म्हणजे अंश नव्हेत. एकदा बदल केला की पूर्ण दिवस थांबा, दर तासाला फिरवून काही कळत नाही.

६. काय कुठे ठेवायचं

खालच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीवर, वरच्या बाजूला, खाचा दिसतील. तिथूनच वारा येतो. त्यांच्यासमोर पोळ्यांचा डबा किंवा मोठं पातेलं टेकवू नका. तुमची काकडी किंवा कोथिंबीर मध्येच गोठून काचेसारखी होत असेल तर ती या खाचेसमोर असणार.

दार ही सर्वांत उबदार जागा, कारण ते दिवसातून तीसदा उघडतं. तिथे सॉस, लोणचं, पाण्याच्या बाटल्या. दुधाची पिशवी आत, फळीवर. कच्चं चिकन आणि मासे नेहमी सर्वांत खालच्या फळीवर, खोलगट डब्यात, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकत नाही.

पालेभाजी धुऊन ओली ठेवू नका. कोथिंबीर निवडून, कागदात गुंडाळून डब्यात. मिरच्यांचे देठ काढून टाका, देठापासूनच त्या सडायला लागतात. कणीक घट्ट झाकणाच्या डब्यात एक दिवस, त्यापुढे काळपट पडते. इडलीचं पीठ आंबल्यावरच आत, आणि अर्ध्या भरलेल्या भांड्यात. आत गेल्यावरही ते थोडं फुगतंच, आणि माझी कहाणी तुम्ही वाचलीच आहे.

फ्रीजमध्ये नको: कांदे, बटाटे, केळी, मध. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर तो काळा पडतो. पाव खालच्या कप्प्यात लवकर शिळा होतो, ठेवायचाच तर फ्रीझरमध्ये. आंबे पूर्ण पिकल्यावरच.

गरम अन्नाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. वाफाळतं पातेलं आत ठेवलं तर ती वाफ कॉइलवर बर्फ होऊन बसते, हे खरं. पण 'पूर्ण गार होऊ दे' म्हणत रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात त्याहून वाईट. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि बाहेर राहिला की ते वाढतात. भात परातीत पसरा, वाफ गेली की उथळ डब्यात भरून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. मे महिन्यात मी एका तासावर जात नाही.

फ्रीझरचा नियम उलटा. खाली हवा फिरायला जागा हवी, तर वर सामान भरलेलं असलं तर उत्तम, कारण गोठलेलं सामान एकमेकांना थंड ठेवतं. फक्त मागच्या पॅनलवरच्या हवेच्या जाळीसमोर दोन बोटं मोकळी ठेवा. जानेवारीत मटार स्वस्त झाले की सोलून, उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच थंड पाण्यात, पुसून कोरडे आणि ताटात पसरून गोठवा, मग पिशवीत. उकळत्या पाण्याची पायरी गाळली तर दोन महिन्यांत गवतासारखी चव येते. मासे साफ करून, पाणी निथळून, एका वेळेला लागतील एवढ्याच पुड्या. पुडीवर तारीख घाला. वितळवायचे ते खालच्या कप्प्यात, ताटलीत, रात्रभर, आणि एकदा वितळलेले परत गोठवायचे नाहीत. आमच्याकडे गटारी झाली की फ्रीझर रिकामा होतो, मग नारळी पौर्णिमेपर्यंत त्यात खवलेला नारळच नारळ.

काचेची बाटली किंवा सोड्याची बाटली फ्रीझरमध्ये 'दहा मिनिटांसाठी' ठेवू नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि ती दहा मिनिटं आपण हमखास विसरतो.

७. साफसफाई: दाराचं रबर आणि मागचा ट्रे

लागणारं सामान: खायचा सोडा, दोन सुती फडकी, जुना टूथब्रश, टॉर्च, मऊ कुंचा. काम सुरू करायच्या आधी प्लग काढा.

आतून पुसायला लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे सोडा. फिनाईल किंवा तीव्र वासाचं काही नको, तो वास लोण्याला लागतो आणि जात नाही. काचेच्या फळ्या काढून लगेच गरम पाण्याखाली धरू नका, तडकतात.

दाराच्या कडेचं रबर, म्हणजे गास्केट, याच्या घड्यांत आमरस, दूध, पिठाचे कण बसतात. पावसाळ्यात तिथे काळी बुरशी धरते. साबणाच्या पाण्यात बुडवलेला टूथब्रश फिरवा, कोरडं पुसा. मग दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. नोट सहज निघाली तर तिथून हवा जाते आहे. चारही बाजूंना करून बघा. रबर वाकडं झालं असेल तर गरम पाण्याच्या फडक्याने शेकून सरळ होतं कधी कधी, नाहीतर बदलून मिळतं.

आता ट्रे. हा आहे हेच मला दोन वर्षं माहीत नव्हतं. एका जुलैत पालिकेचे कर्मचारी डासांच्या तपासणीला आले. कुंड्यांच्या ताटल्या बघितल्या, पिंप बघितलं, मग एकाने विचारलं, "ताई, फ्रीजच्या मागचा ट्रे कधी काढलाय?" मी म्हटलं, कुठला ट्रे? त्यांनी फ्रीज पुढे ओढला, कंप्रेसरवर टॉर्च मारला. दोन बोटं पाणी, तळाला काळपट गाळ, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्याच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा पुरतो. पावसाळ्यात हवा दमट, ट्रेमधलं पाणी पुरतं उडत नाही. तेव्हापासून जून ते ऑक्टोबर दर रविवारी ट्रे रिकामा, घासून, कोरडा. अंडी कडेला चिकटतात, म्हणून नुसतं ओतून भागत नाही. काही फ्रीजमध्ये ट्रे सरकून बाहेर येतो, काहींत बसवलेला असतो. मग फडकं किंवा स्पंज घालून टिपून घ्या. कंप्रेसर गरम असतो, थोडं थांबून हात घाला.

८. लाईट गेली तर

दार उघडू नका. न उघडता खालचा कप्पा सुमारे ४ तास, भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास तग धरतो. लाईट सारखी येत-जात असेल तर बटण बंद करा आणि स्थिर झाल्यावर पाच मिनिटांनी चालू करा. कंप्रेसर थांबल्या थांबल्या परत सुरू व्हायला धडपडला की ताण येतो आणि 'टक' करून बंद पडतो.

९. मेकॅनिकला बोलावण्याआधी

फ्रीज बोलतो. खळखळ म्हणजे नळीतला द्रव, कटकट म्हणजे आतलं प्लॅस्टिक आकसतंय, चर्र म्हणजे हीटरवर थेंब पडला. पावसात दाराबाहेर दव धरतं, तेही पुसून टाका आणि विसरा.

खालचं गार होत नसेल तर आधी हे करा. दार सगळीकडे लागतंय का, खाचा मोकळ्या आहेत का, नॉब कोणी फिरवलाय का. मग फ्रीझरचं दार उघडा आणि चौकटीवरचं छोटं बटण बोटाने दाबून धरा. बऱ्याच मॉडेलमध्ये दार उघडलं की पंखा थांबतो आणि हे बटण दाबलं की सुरू होतो. आवाज आला नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा बघा, कारण बर्फ वितळायच्या वेळी पंखा बंदच असतो. तरीही शांतता असेल तर पंखा बिघडलाय किंवा बर्फात अडकलाय. फ्रीज एक दिवस बंद ठेवून दारं उघडी टाका, खाली फडकी अंथरा. त्यानंतर ठीक चालला पण आठ-पंधरा दिवसांत तेच पुन्हा झालं आणि दार मात्र नीट लागतंय, तर हीटर किंवा त्याचा सेन्सर गेला असण्याची शक्यता मोठी. हा खर्च गॅसच्या मानाने बहुतेक वेळा कमीच असतो.

आणि गॅसबद्दल. तो सिलिंडरमधल्यासारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार. शिवाय गॅस खरंच गेला असेल तर वरचा फ्रीझरही नीट गोठवत नाही. वर मटार दगड आणि खाली दूध नासतंय, अशा वेळी कोणी गॅस म्हणालं तर शांतपणे सांगा: पॅनल उघडून कॉइल दाखवा, गळती कुठे आहे ते दाखवा. कंपनीचा नंबर बिलावरून किंवा पुस्तिकेतून घ्या. इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो नंबर लावू नका, त्यात बनावट पुष्कळ असतात.

बर्फ सुरीने कधीही खरवडू नका. नळीला भोक पडलं की संपलं, आणि हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमधला आर-६००ए हा गॅस पेट घेणारा आहे.

१०. गावाला जाताना

चार-आठ दिवसांसाठी फ्रीज चालूच ठेवा. दूध, चिरलेल्या भाज्या, उरलेलं अन्न संपवून जा. महिनाभर जाणार असाल तर पूर्ण रिकामा करा, प्लग काढा, आतून कोरडा पुसा, ट्रे ओता आणि दारात घडी घातलेलं फडकं अडकवून फट ठेवा. बंद दाराच्या आत बुरशीचा जो वास बसतो तो सोड्याने चार वेळा पुसूनही जात नाही.

चालू ठेवून जाताना मी एक करते. वाटीभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवते आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवते. गणपतीहून परत आल्यावर नाणं वरच असेल तर आतले मासे चांगले. तळाशी गेलेलं दिसलं तर मागे कधीतरी बराच वेळ लाईट नव्हती, सगळं वितळून परत गोठलंय. मग मी वास घेत बसत नाही, पुड्या तशाच ओल्या कचऱ्यात टाकते.